इंग्रजी व्याकरण मराठीतून का शिकू नये?

इंग्रजीचं प्राथमिक व्याकरण कठीण आहे, असं मला अजिबात वाटत नाही. ते आपल्याला कठीण करून शिकवलं जातं, असं मात्र ठामपणे वाटतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते येत नाही म्हणून माणसाला लाज वाटावी अशी पुरेपूर व्यवस्था आपण करून ठेवली आहे. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय. नातेवाईक मंडळीही हा ब्लॉग वाचतात, हे माहीत असूनही आज लिहूनच टाकते. कुणी स्वतःला ओळखलं तर रागावू नका :-)

आधी माझा या विषयाशी संबंध काय ते सांगते. मी एका यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात माहितीपुस्तिका लिहिते. कुठलं बटण आधी दाबायचं, कुठला नट किती आवळायचा, असलं लिखाण. इंग्रजीत आणि मराठीत. शाळा मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. पण पोटासाठी इंग्रजी लिहिणारी माणसं आमच्या गोतावळ्यात फार नाहीत. त्यामुळे "ताई, जरा इंग्लिश बघून दे ना" हे वाक्य मी गेली वीसेक वर्षं ऐकते आहे. राजीनाम्याचं पत्र, सोसायटीची नोटीस, व्हिसासाठीचा अर्ज, मुलाच्या कॉलेजला लिहायचा मेल, विम्याच्या क्लेमसोबतचं पत्र... सगळं माझ्याकडे येतं.

एवढी वर्षं दुसऱ्यांची पत्रं वाचून एक गोष्ट लक्षात आली. चुका शेकडो असतात, पण त्यांचे प्रकार जेमतेम पाच-सहा. आणि त्यातले बहुतेक प्रकार अडाणीपणातून येत नाहीत, ते मराठी व्यवस्थित येत असल्यामुळे येतात! पत्र लिहिणारा माणूस मराठीचे नियम इमानेइतबारे इंग्रजीत पाळत असतो. त्याला कुणी एवढंच सांगितलेलं नसतं, की बाबा रे, इथे नियम वेगळा आहे, आणि तो का वेगळा आहे.

शब्दांच्या क्रमापासून सुरुवात करू.

'रामाने रावणाला मारलं.' आता हेच शब्द हवे तसे फिरवा. 'रावणाला रामाने मारलं.' 'मारलं रामाने रावणाला.' जोर बदलतो, लय बदलते, पण मरतो रावणच. कारण कुणी मारलं हे 'ने' सांगतोय आणि कुणाला मारलं हे 'ला' सांगतोय. शब्द कुठेही ठेवा, प्रत्यय त्याच्या पाठीला चिकटलेलाच राहतो.

इंग्रजीत 'रामा किल्ड रावणा' हे वाक्य उलटं करून बघा. 'रावणा किल्ड रामा.' संपलं रामायण! इंग्रजीच्या नामाला 'ने' नाही आणि 'ला' पण नाही. मग कोण मारणारा आणि कोण मरणारा हे कळायचं कसं? तर जागेवरून. क्रियापदाच्या आधी बसलेला तो कर्ता, नंतर बसलेलं ते कर्म. म्हणजे आपल्याकडे जे काम विभक्ती करते, ते त्यांच्याकडे जागा करते. गंमत अशी, की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते. ते हळूहळू झिजून गेले. आता 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर' अशा सर्वनामांत त्यांच्या खुणा उरल्या आहेत. शिवाय 'रामाचं' म्हणायला जो अपॉस्ट्रॉफी आणि एस लावतात, तो जुन्या षष्ठीच्या प्रत्ययाचा उरलेला तुकडा. प्रत्यय गेले आणि शब्दांना आपापली खुर्ची सोडायची बंदी झाली.

आता सांगा, विभक्ती कशी चालते हे सहावी-सातवीतल्या मराठी पोराला शिकवलेलं असतं की नाही? प्रथमा, द्वितीया, तृतीया त्याने घोकलेली असते. मग पुढच्या तासाला इंग्रजीच्या बाईंनी 'इंग्रजीत विभक्ती खुर्चीत असते' एवढं एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? पण नाही. मराठीचा तास वेगळा, इंग्रजीचा तास वेगळा. दोन्ही वह्यांची आयुष्यात कधी भेट होत नाही.

दुसरा प्रकार, कर्ता गाळण्याचा. 'काल आले नाही. बरं नव्हतं.' मराठीत ही दोन पूर्ण वाक्यं आहेत. 'आले' म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं, 'आलो' म्हटलं की बुवा. क्रियापदातच कर्ता लपलेला असतो, म्हणून तो वेगळा लिहायची गरज नाही. इंग्रजीतलं 'केम' मात्र मुकं आहे. मी, तू, तो, ती, ते, सगळ्यांना एकच 'केम'. त्यामुळे तिथे कर्ता सांगावाच लागतो. इतका सांगावा लागतो, की नसला तर खोटा उभा करावा लागतो. 'पाऊस पडतोय' याला 'इट इज रेनिंग'. कोण इट? कुणीच नाही. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला माणूस!

तिसरा प्रकार म्हणजे सर्वांचा आवडता 'हॅविंग'. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.' याच्यावर विनोद करून लोक दमत नाहीत. पण हे कुठून आलं बघा. मराठीत 'हॅव'ला थेट क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे गाडी आहे, मला ताप आहे, माझं घर आहे... सगळीकडे 'आहे'. इंग्रजी लिहिताना माणूस तो 'आहे' सोडायला तयार होत नाही, म्हणून 'अ‍ॅम' ठेवतो. पण शाळेत 'हॅव' शिकवलंय, तेही हवं. मग दोघांची मोट बांधायची तर होतं 'अ‍ॅम हॅविंग'. मला तर यात अडाणीपणा दिसत नाही, धडपड दिसते.

तसंच 'सिन्स'चं. 'मी दहा वर्षांपासून पुण्यात राहते.' अजून राहतेय ना? मग वर्तमानकाळ. किती सरळ हिशोब आहे! त्यावरून 'आय लिव्ह इन पुणे सिन्स टेन इयर्स'. इंग्रजी माणूस याच गोष्टीकडे मागून बघतो. त्याला सुरुवातीपासून आतापर्यंत ओढलेली रेघ दिसते, म्हणून तो 'हॅव बीन लिव्हिंग' म्हणतो. आणि वर 'सिन्स' पाहिजे की 'फॉर' हेही ठरवतो: सुरुवातीची तारीख सांगायची तर सिन्स, लांबी सांगायची तर फॉर. आपला हिशोब चूक आणि त्यांचा बरोबर असं काही नाही. दोन भाषा एकाच रस्त्याकडे दोन टोकांनी बघताहेत. एवढं कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

'अ' आणि 'द' हे तर सगळ्यांचं रडगाणं. आमच्या मराठीत असलं काही नसतं, असं सगळे म्हणतात. नसतं? हे दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.

'आत्या मुलगी बघतेय.'
'आत्या मुलीला बघतेय.'

पहिल्या वाक्यात घरात लग्नाचा मुलगा आहे आणि आत्याबाई कांदेपोह्यांच्या मोहिमेवर आहेत. कुठली मुलगी ते अजून ठरायचंय. दुसऱ्या वाक्यात एक ठराविक मुलगी आहे, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला माहीत असलेली, आणि आत्या तिच्याकडे बघतेय. फरक फक्त 'ला'चा! पहिलं वाक्य 'अ गर्ल', दुसरं 'द गर्ल'. इंग्रजीचा प्रत्येक 'द' असा 'ला'ने सुटत नाही, हे मान्य. पण 'कुठलीही एक' आणि 'ती ठरलेली' हा भेद आपल्या कानाला परका आहे, हे म्हणणं मला पटत नाही. चार वर्षांच्या पोरालाही हा 'ला' कळतो. त्याला इंग्रजी शिकवताना आपण तो कान बाजूला ठेवायला सांगतो, हे खरं दुखणं.

आता विरामचिन्हांकडे वळते, कारण खरं नुकसान तिथे होतं.

जुन्या मोडी कागदांत विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत जागासुद्धा नाही. सलग रेघेखाली सगळा मजकूर. पोथ्यांमध्ये दंड असायचा, बाकी काही नाही. मराठीत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही सगळी मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली, आणि ती रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. मोल्सवर्थच्या शब्दकोशाच्या कामात असलेले हेच ते कँडीसाहेब. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ सालचं, आणि ही चिन्हं रुळली ती त्यानंतरच्या काळात. म्हणजे आपली भाषा कित्येक शतकं या चिन्हांशिवाय चालली. हिशोब लिहिले गेले, तह झाले, बखरी झाल्या. कशा?

तर चिन्हांचं काम आपल्याकडे शब्द करत होते. अजूनही करतात. वाक्याच्या शेवटी 'का' आला की प्रश्न, मग चिन्ह असो वा नसो. क्रियापद आलं की वाक्य संपलं, त्यासाठी वेगळा पूर्णविराम नसला तरी चालतं. आणि दुसऱ्याचं बोलणं कुठे संपलं हे सांगायला 'असं म्हणाला', 'म्हणून' हे शब्द आहेतच. त्यामुळे झालं असं, की मराठी माणसाच्या मनात विरामचिन्ह हा कायम एक दागिना राहिला. घातला तर बरा दिसतो, नाही घातला तर अडत नाही. श्वास घ्यावासा वाटला की स्वल्पविराम द्यायचा. मराठीत हे खपून जातं.

इंग्रजीत खपत नाही, कारण तिथे तो दागिना नसून खिळा आहे. काढला की फळी निखळते. आणि हे मी ऐकीव सांगत नाही.

माझ्या एका मावशीची गोष्ट. (तिची परवानगी घेऊन लिहितेय.) काका एका परदेशी कंपनीच्या जहाजांवर बरीच वर्षं नोकरीला होते. ते गेल्यावर मावशीला कंपनीकडून काही रक्कम यायची होती. मावशीचं वय झालेलं, गुडघे दुखतात, म्हणून कागदपत्रांवर सह्या मुलीने कराव्यात असं ठरलं. कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्टकडून पत्र तयार झालं. त्यात एक वाक्य होतं: 'माय डॉटर हू लिव्ह्ज इन ठाणे विल साइन द पेपर्स ऑन माय बिहाफ.' शब्द सगळे बरोबर. स्पेलिंग बरोबर. पत्र गेलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या इतर मुलींची नावं, पत्ते आणि त्यांची लेखी संमती पाठवावी!

मावशीला एकच मुलगी आहे. "आता दुसरी मुलगी कुठून आणू यांच्यासाठी?" असं ती फोनवर म्हणाली तेव्हा आधी आम्ही सगळे हसलो. मग हसू मावळलं. प्रतिज्ञापत्र, नोटरी, तहसील कचेरीतला दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर, मग परत कुरियर, परत प्रश्न. पाच महिने गेले. मधल्या काळात मावशीने एक मुदतठेव मोडली. ज्या माणसाने आयुष्यभर समुद्रावर राहून घर चालवलं, त्याच्या पैशासाठी त्याच्या बायकोला 'मला दुसरी मुलगी नाही' हे शपथेवर सांगावं लागलं.

कंपनीतला तो कारकून दुष्ट होता का? मला नाही वाटत. त्याने वाक्य जसं होतं तसं वाचलं. 'माय डॉटर' नंतर एक स्वल्पविराम आणि 'ठाणे' नंतर एक स्वल्पविराम असता, तर त्याचा अर्थ झाला असता: माझी मुलगी, ती ठाण्याला राहते बरं का, ती सह्या करेल. स्वल्पविराम नसताना अर्थ होतो: माझ्या मुलींपैकी जी ठाण्याला राहते, ती सह्या करेल. दोन स्वल्पविरामांनी अख्खी एक मुलगी जन्माला घातली.

आणि आता मुद्दा बघा. हा भेद मराठीत आहे! 'माझी जी मुलगी ठाण्याला असते ना, ती सही करेल' असं मावशी शेजारणीला म्हणाली असती, तर शेजारीण लगेच विचारणार, "अगंबाई, दुसरी पण आहे होय? ती कुठे असते?" आणि 'माझी मुलगी ठाण्याला असते, ती सही करेल' असं म्हणाली असती तर कुणीच काही विचारलं नसतं. आपल्याकडे हे काम 'जी' आणि 'ती' ची जोडी करते, त्यांच्याकडे स्वल्पविरामांची जोडी करते. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. मावशी स्वतः सातवी शिकलेली, पण तिला मी हे असं सांगितलं तेव्हा ती लगेच म्हणाली, "म्हणजे त्या टायपिस्टने 'जी मुलगी' लिहिलं होय!" बरोबर कळलं तिला. मग आपल्या शाळांमध्ये हे दहावीपर्यंत का कळत नाही?

अजून एक असाच प्रकार, जो मी सोसायटीच्या पत्रांत हमखास बघते. 'कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की मी गळती काढून देईन.' मराठीत यात काही गोंधळ नाही. 'की' नंतर कॉन्ट्रॅक्टर स्वतःच बोलतोय, तेव्हा 'मी' म्हणजे कॉन्ट्रॅक्टर. हे शब्दाला शब्द इंग्रजीत नेलं की होतं, 'द कॉन्ट्रॅक्टर सेड दॅट आय विल रिपेअर द लीकेज'. आणि याचा अर्थ होतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की गळती पत्र लिहिणाऱ्याने काढायची! सेक्रेटरीने स्वतःच्या सहीने स्वतःच्या गळ्यात काम घेतलं. इंग्रजीत 'दॅट' आला की आतला माणूस बोलायचा थांबतो आणि बाहेरचा बोलायला लागतो. 'मी' चा 'तो' करावा लागतो, किंवा मग 'दॅट' काढून त्याचे शब्द अवतरणचिन्हात घालावे लागतात. एवढ्याशा दोन उलट्या स्वल्पविरामांवर खर्च कुणी करायचा ते ठरतं.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या बाबतीत होतं असंही नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरी नावाच्या कंपनीवर तिच्या ड्रायव्हरांनी जादा कामाच्या पगारासाठी दावा लावला होता. कुठल्या कामांना जादा पगार लागू नाही त्याची यादी राज्याच्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते आणि 'शिपमेंट' नंतर स्वल्पविराम नव्हता. मग प्रश्न आला, की वाटप हे यादीतलं वेगळं काम, की 'पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी माल बांधणे' हे मिळून एकच काम? ड्रायव्हर माल बांधत नव्हते, पोचवत होते. २०१७ साली अपील न्यायालयाने कायद्याची भाषा संदिग्ध आहे असं म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये कंपनीने पन्नास लाख डॉलरवर तडजोड केली. नंतर तिथल्या विधिमंडळाने यादीत अर्धविराम घालून कायदा दुरुस्त केला. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, ज्यांचे कायदेपंडित इंग्रजी, त्यांची ही तऱ्हा. तेव्हा मावशीच्या टायपिस्टला कुणी हसू नये.

आता हसण्याविषयीच थोडं बोलते. इंग्रजी व्याकरणाचा आपल्याकडे सगळ्यात जास्त उपयोग कशासाठी होत असेल तर तो दुसऱ्याला कमी लेखण्यासाठी. 'हॅविंग' म्हणणारा, 'डिडन्ट वेन्ट' म्हणणारा, 'व्हाय यू आर लेट' विचारणारा, हे सगळे आपले करमणुकीचे विषय. माझ्या मते चुकांचे सरळ दोन ढीग करावेत. एका ढिगात अर्थ बदलणाऱ्या चुका: मावशीचा स्वल्पविराम, कॉन्ट्रॅक्टरचा 'मी', उलटा पडलेला कर्ता आणि कर्म. दुसऱ्या ढिगात नुसत्या आपल्या मातीचा वास असलेल्या चुका. 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' म्हटल्यावर भाऊ तीन होत नाहीत. 'सिन्स टेन इयर्स' म्हटल्यावर दहाची नऊ होत नाहीत. अर्जात, नोकरीच्या पत्रात मी त्या दुरुस्त करून देते, कारण पलीकडचा माणूस त्यावरून उगाच मत बनवतो. पण कुणी बोलताना असं बोललं तर मी टोकत नाही, आणि कुणी टोकलं तर मला ते असभ्य वाटतं.

तिसरा ढीगही आहे, खोट्या नियमांचा. वाक्याचा शेवट शब्दयोगी अव्ययाने करू नये, वाक्याची सुरुवात 'अँड'ने करू नये, वगैरे. यातल्या पहिल्या नियमाचं खापर ड्रायडन या कवीवर फोडतात. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या लिखाणात ही खोड काढली होती. इंग्रज मंडळी तेव्हाही तसं लिहीत होती, आजही लिहितात. असले नियम शिकवण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात 'जी मुलगी' शिकवून होईल.

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे: इंग्रजीचं पहिलं व्याकरण मराठीतून, मराठीशी तुलना करत शिकवा. यात नवीन काहीच नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पुढ्यात ठेवून इंग्रजी शिकलं. मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, परत मराठी. 'तर्खडकरी इंग्रजी' म्हणून पुढे त्याची थट्टा झाली, आणि बोलण्याच्या बाबतीत ती थोडी रास्तही असेल. पण त्या पद्धतीत एक गोष्ट होती: दोन भाषा शेजारी शेजारी बसत होत्या. मूल दोन्हीकडे बघून फरक टिपत होतं. नंतर इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायची असा आग्रह आला. ज्या घरात इंग्रजी कानावर पडतं तिथे ते जमतं. ज्या घरात पडत नाही, तिथल्या पोराला पोहायला शिकवायला कोरड्या विहिरीत ढकलल्यासारखं होतं.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वेळी त्यावर बराच वाद झाला होता. वर्षं वाढली हे चांगलंच झालं, असं मी मानते. पण वर्षं वाढवून पद्धत तीच राहिली तर गोंधळ चार वर्षं आधी सुरू होतो, एवढंच. इकडे आई-बाप घाबरून पोराला इंग्रजी माध्यमात घालतात, आणि मग माझ्याकडे अशीही पत्रं येतात ज्यात इंग्रजी धड नाही, आणि "बरं, मराठीत काय म्हणायचंय ते सांग" म्हटलं तर तेही धड सांगता येत नाही. खरं सांगते, 'हॅविंग' वाचून मला काही वाटत नाही, हे बघून मात्र पोटात कालवतं. पहिल्या पोराला दुरुस्त करता येतं, कारण त्याच्याकडे सांगायला एक पक्कं वाक्य आहे. दुसऱ्याला कुठून धरायचं?

एक आक्षेप हल्ली हटकून येतो. माझ्या भाच्यानेच घेतला. "मावशी, आता हे सगळं कशाला शिकायचं? मोबाइल करतो की दुरुस्त. मराठीत बोललं तरी इंग्रजी पत्र तयार होतं." खरं आहे. मीही वापरते. स्पेलिंग, काळ, 'हॅविंग', सगळं झटक्यात नीट होतं आणि ज्याला त्याची गरज आहे त्याने खुशाल वापरावं. पण मावशीचं ते वाक्य घ्या. स्वल्पविराम असलेलं वाक्यही व्याकरणाने शुद्ध, नसलेलंही शुद्ध. यंत्राने त्यातलं कुठलं निवडावं? मावशीला मुली किती, हे यंत्राला काय ठाऊक! ते आपल्यालाच बघावं लागणार. आणि बघायचं तर दोन वाक्यांतला फरक दिसायला हवा. दुरुस्ती यंत्र करेल, पण सही आपण करतो, आणि जबाबदारी सहीची असते.

व्याकरण म्हणजे माझ्या लेखी एवढंच: आपण जे सांगतोय तेच पलीकडे पोचतंय ना, याची खात्री करण्याची सोय. तिचा प्रतिष्ठेशी संबंध नाही, हुशारीशी तर नाहीच नाही. ती सोय प्रत्येकाला हवी, आणि ज्याच्या मागे वकील-सीए उभे नाहीत त्याला तर सगळ्यात आधी हवी.

असो. भाषण फार झालं. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पाचवी-सहावीतलं पोर आहे, त्यांच्यासाठी एक गृहपाठ देते. आज रात्री जेवताना त्याला 'आत्या मुलगी बघतेय' आणि 'आत्या मुलीला बघतेय' यात फरक काय ते विचारा. ते खिदळत बरोबर सांगेल, पैजेवर सांगते. मग त्याला म्हणा, हे तुला कुणी शिकवलं नव्हतं, तरी तुला येतं; इंग्रजीत हेच काम एक छोटासा शब्द करतो. आणि काय उत्तर मिळालं ते खाली प्रतिक्रियेत जरूर लिहा. इंग्रजीत लिहिलंत तरी चालेल, मी कुणालाही टोकणार नाही :-)